सावलीच्या बाजूची तबकडी

संशोधन बोट, उत्तरेचा धक्का
८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र धक्क्यावर मिळालं. फोनवर नुसतं हं हं करतो आणि पत्रात पानंच्या पानं भरतो, ही तुझी तक्रार मान्य. फोनवर बोलताना मागे आमचा आचारी उभा असतो. त्याच्यासमोर काय मन मोकळं करू?

बोटीवर ठीक चाललंय. सकाळी नांगर उचलायचा, ठरलेल्या जागी थांबायचं, बाटल्या सोडून खोलखोलचं पाणी वर आणायचं, तळाचा गाळ उपसायचा, डेक धुवायचा आणि पुढच्या जागी जाऊन पुन्हा तेच. गाळ वर आला की आमच्या बाई, म्हणजे बोटीवरच्या मुख्य संशोधक, तू नव्या कापडावर वाकतेस तशा त्याच्यावर वाकतात. मला तर तो दरवर्षी सारखाच दिसतो.

माझं खरं काम तबकडीचं. ताटाएवढी गोल, त्यात काळे-पांढरे चार भाग. ती सावलीच्या बाजूने दोरीवर खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की बाईंना गेली म्हणून सांगायचं. दोरीला मीटरमीटरवर गाठी आहेत, त्या बोटांनी मोजायच्या. तबकडी जितकी खोल दिसेल तितकं पाणी स्वच्छ. माणसामाणसाची नजर वेगळी, म्हणून तबकडी बघणारा बदलायचा नाही हा बोटीचा नियम आहे, आणि कित्येक वर्षं तो बघणारा मी आहे.

पण ताई, आपलं तळं गढूळ होत चाललंय. पूर्वी नवव्या गाठीपर्यंत दिसायची, आता सहाव्यालाच जाते. दोन हंगाम हेच बघतोय, अन्न गोड लागत नाही. बाटल्यांतलं पाणी गाळून काही हाती लागत नाही, तेव्हा हा नदीतून येणारा रंग असावा असं बाईंना वाटतं. म्हणजे तुमच्या गल्लीतले कापड रंगवणारे रंगारीच. हंगाम संपला की अहवाल जाईल आणि त्यांची भट्टी बंद होईल. वाईट वाटतं, पण तळं सगळ्यांचं आहे.

एक गंमत. पाण्यातला उजेड मोजायचं यंत्र आहे, ते मात्र पाणी पूर्वीसारखंच आहे म्हणून सांगतं. बाईंनी ते दुरुस्तीला पाठवलं. बिघाड नाही म्हणून परत आलं, तर त्यांनी पुन्हा पाठवलं. म्हणाल्या, तुझी नजर चुकत नाही, यंत्रच चुकत असणार. हे मी आचाऱ्याला रोज जेवताना ऐकवतो.

धक्क्यावर सध्या धुकं फार आहे, दिव्यांभोवती कडी दिसतात. सोबत दोन शर्ट पाठवतोय, कोपरं फाटलीत. निळ्याचं बटण मात्र मी स्वतः लावलंय. बघ आणि शाबासकी दे.

कळावे. माया आहे तशी राहू दे.

तुझा
धाकटा


१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शर्ट पोचले. कोपरांना आतून तुकडा लावलाय, वरून कळायचं नाही. तुझं बटणही बघितलं. गाठ बोट बांधायला मारतात तशी मारलीस. शर्ट फाटेल, पण बटण निघणार नाही. शाबास.

फक्त एक सांग, निळ्या शर्टाला हिरवा धागा का लावलास? वाटलं, निळा संपला असेल. पण तुझ्या डबीत निळं रीळ मीच ठेवलं होतं, अख्खं. लहानपणी आईच्या मशीनशेजारी बसून रंगांप्रमाणे रिळं लावायचं काम तुझं असायचं. माझी दहादा चूक व्हायची, तुझी कधी झाली नाही.

तुझं पत्र तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, धुकं कुठलं? त्यांची बस रोज त्याच धक्क्यावर वळते आणि महिनाभर आभाळ लख्ख आहे. त्यांचीही कथा तुला माहीत नसेल. लायसन्ससाठी दरवर्षी डोळे तपासतात, तर हे महाशय तक्ता पाठ करून जायचे. गेल्या खेपेला तक्ता बदलला आणि पकडले गेले. आता चष्मा लावतात आणि म्हणतात, बसच्या आरशात मागचे लोक इतके दमलेले दिसतात हे मला ठाऊकच नव्हतं.

खालची रंगारीण अस्तराचं कापड द्यायला आली होती. अहवालाची कुणकुण तिला लागलीय. भट्टी बंद झाली तर म्हाताऱ्या सासूसासऱ्यांना घेऊन कुठे जायचं, असं विचारत होती. त्यांचं सांडपाणी टाकीत निवळल्याशिवाय सुटत नाही, हे मी खिडकीतून रोज बघते. तुमचा भाऊ त्या बोटीवर आहे ना, असंही म्हणाली. मी कापड मोजून घेतलं.

धाकट्या, एकदा डोळे दाखवून ये. अंगण वाकडं आहे की आपलं पाऊल, एवढं बघून घ्यायला काय हरकत आहे?

कळावे. रागावलास तरी जेवण टाकू नकोस.

तुझी
ताई


संशोधन बोट
२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

केबिनमधला दिवा पिवळा आहे. त्या उजेडात निळं आणि हिरवं कोणालाही सारखंच दिसेल. आणि धुक्याचं भावोजींनी मला शिकवू नये. ते बसमध्ये असतात, मी पाण्यावर.

असलं काही बोटीवर कोणाच्या कानावर गेलं तर काय होईल, कल्पना आहे तुला? मला धक्क्यावर उतरवतील आणि गोदामात दोरखंडांची वेटोळी घालायला बसवतील. नजरेशिवाय माझ्याजवळ आहे काय? शाळा पुरी केली नाही, पोहायलाही बेताचंच येतं. थट्टेनं का होईना, इथे मला डोळेसाहेब म्हणतात. हा विषय पुन्हा काढू नकोस.

शर्ट चांगले झालेत.

कळावे.

तुझा
धाकटा


११ मे

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विषय काढू नकोस म्हणालास म्हणून काढत नाही. या कागदाला खाली दोन धागे टाचलेत. एक निळा, एक हिरवा. दिवसाउजेडी डेकवर उन्हात धर आणि कोणता कोणता ते कळव. बरोबर निघालं तर जन्मात याबद्दल तोंड उघडणार नाही. माझं तोंड बंद राहणं म्हणजे काय चीज आहे ते भावोजींना विचार.

तुझी भीती मला कळते रे. मला सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा महिनाभर मी गिऱ्हाइकांना मशीन बिघडलंय म्हणून सांगत होते. मशीनला काही झालं नव्हतं. चष्मा घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पण माझ्या चुकीने फार तर कोणाचा झगा रखडला असता. तुझ्या नजरेवर एका घराची भट्टी पेटायची की विझायची हे ठरणार आहे. म्हणून मागे लागलेय, बाकी काही नाही.

कळावे. तुझ्या जिभेचा राग नाही, ती आपल्या वडिलांचीच आहे.

तुझी
ताई


संशोधन बोट
३० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धागे उन्हात धरले. दोन्ही सारखेच दिसले, मळकट. मग आचाऱ्याला दाखवले. हा निळा, हा हिरवा, असं त्याने तिथल्या तिथे सांगितलं आणि यात कोडं काय आहे म्हणून विचारलं.

मी त्याला जाऊ दिलं नाही. बाई आत बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होत्या. मी तबकडी सोडली आणि त्याला शेजारी कठड्यावर ओणवं व्हायला सांगितलं. सहाव्या गाठीला माझ्यापुरती ती गेली. आचारी म्हणाला, अजून दिसतेय की. सातव्या गाठीला तेच. आठव्या गाठीला तो कंटाळला, कारण सूप चुलीवर होतं. नवव्या गाठीच्या जरा पुढे म्हणाला, आता गेली बुवा, मी जाऊ?

ताई, आधी मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. ज्याच्यासाठी दोन हंगाम झुरलो त्या तळ्याला काहीही झालेलं नाही. जसंच्या तसं आहे. मग दोरी वर ओढताना तुझी रंगारीण आठवली.

आचाऱ्याने कोणाला सांगितलेलं नाही. म्हणतो, मला सूप करता येतं, भानगडी करता येत नाहीत. म्हणजे मी गप्प बसलो तर हंगाम निघून जाईल, अहवाल जाईल, तुझ्या रंगारणीचं बिऱ्हाड हलेल आणि मी डोळेसाहेबच राहीन. रोज सकाळी ठरवतो की आज बाईंना सांगायचं, आणि रोज डेक आणखी एकदा धुतो. एवढा स्वच्छ डेक कप्तानाने जन्मात बघितला नव्हता.

काय करू ते तूच सांग.

तुझा
धाकटा


६ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

काय करायचं ते तुला माहीत आहे, नाहीतर विचारलं नसतंस. रंगारीण आजही येऊन गेली. मी तिला काही बोलले नाही. ते तुझ्या तोंडून निघू दे.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून ठेवलाय. उतरवलंच त्यांनी तर सरळ इकडे ये. मागची खोली झाडून ठेवलीय. डेक आता पुरे धुतलास.

तुझी
ताई


संशोधन बोट
१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. धागे, धुकं, आचारी, गाठी, सगळं उभ्याउभ्या सांगून टाकलं. बाई उठल्या, कपाटातून ते यंत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. तिसऱ्यांदा दुरुस्तीहून आलं होतं. वर चिठ्ठी होती: यंत्रात कोणताही बिघाड नाही, कृपया पुन्हा पाठवू नये.

मग म्हणाल्या, यंत्र खरं सांगत होतं, बाटल्याही खरं सांगत होत्या, पण तू पाणी गढूळ म्हणालास म्हणून मी कोणाचंच ऐकलं नाही. असं म्हणून हसायला लागल्या आणि हसताहसता चष्मा काढून पुसायला लागल्या. चूक दोघांची आहे, असं म्हणाल्या. मला रडू आलं, ताई. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दोन हंगामांचे तबकडीचे आकडे बाद झाले. रंगाऱ्यांवरचा ठपका गेला. ते सांगायला बाई स्वतः तुमच्या गल्लीत येणार आहेत आणि मी बरोबर असणार आहे. रंगारणीसमोर कसा उभा राहू ते तेवढं शिकवून ठेव.

बोटीवरून काढलं नाही, पण तबकडी माझ्याकडून गेली. नियमच आहे, माझीही त्यावर तक्रार नाही. ती आता आचारी बघतो. डोळ्यांत मोतीबिंदूच असणार, असं बाई म्हणतात. ऑपरेशननंतर तबकडी परत मिळेल का, असं विचारलं. म्हणाल्या, नवं भिंग म्हणजे नवी नजर, तेव्हाचं तेव्हा बघू. सकाळी तबकडी खाली जाते तेव्हा मी बाटल्या वर ओढायच्या विंचपाशी उभा राहतो आणि दुसरीकडे बघतो.

कळावे. येतोय, खोली तयार ठेव.

तुझा
धाकटा


२० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर मोठं वाटायला लागलंय. भावोजी मात्र खुशीत आहेत. पट्टी काढल्यावर तुझे पहिले शब्द काय होते, ते बसमधल्या प्रत्येकाला सांगत सुटलेत. काय तर म्हणे, ताई, किती पांढरे झाले गं तुझे केस! माझ्या हातचं खाऊनपिऊन वर हे. स्वयंपाकघराची भिंत पिवळी नसून पांढरी आहे, हेही तुला त्याच दिवशी कळलं. आणि तिथला कोपऱ्यातला डाग दाखवल्याबद्दल मी तुला कधीही क्षमा करणार नाही.

रंगारणीने तुझ्यासाठी निळं कापड दिलंय, स्वतः रंगवलेलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, तोंडावर येऊन माझी चूक झाली असं सांगणारा माणूस आमच्या भट्टीने पहिल्यांदाच बघितला. त्या कापडाचा शर्ट शिवून पाठवतेय. बटणं लावलेली नाहीत. सोबत दोन रिळं आहेत, एक निळं, एक हिरवं. तूच लाव.

तबकडीचं काय झालं ते मी विचारणार नाही. असं लिहिणं म्हणजे विचारणंच, हे तुला कळतंच.

कळावे. लोभाची शिवण उसवू देऊ नकोस.

तुझी
ताई


संशोधन बोट, उत्तरेचा धक्का
४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं नाहीस तरी सांगतो. बाईंनी असं ठरवलंय की हा हंगाम संपेपर्यंत तबकडी दोघांनी शेजारीशेजारी उभं राहून बघायची, आचाऱ्याने आणि मी. आकडा त्याचाच धरायचा. माझा बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायचा. दोन्ही नजरांमधला फरक नीट कळला की मग माझा आकडा पेनाने. मी लगेच हो म्हटलं. त्यांनी पेन्सिलही नको म्हटलं असतं, तरी कठड्यापाशी उभं राहायला मी हो म्हटलं असतं.

काल पहिला दिवस होता. तबकडी पाण्यात शिरली आणि मला हसू आलं. एवढी पांढरी असते ती, हे मी विसरूनच गेलो होतो. सहावी गाठ बोटांखालून गेली, तिथे मी दोरी जरा थांबवली. पण ती आपली खाली दिसत होती, ताटासारखी. सातवी गेली, आठवी गेली. नवव्या गाठीच्या जरा पुढे आचारी म्हणाला, गेली, आणि ॲप्रनला हात पुसत सुपाकडे वळला. बाईंनी लिहायला पेन टेकवलं.

मी म्हटलं, थांबा, अजून दिसतेय.

आचारी परत आला, वाकला, डोळे बारीक केले, काही नाही म्हणाला. मी आणखी हातभर दोरी सोडली. मग ती गेली आणि मी तसं सांगितलं. बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पलीकडे पाण्यात सोडलेल्या यंत्राचा आकडा बघितला. यंत्र या वेळी माझ्या बाजूने होतं. आचाऱ्याला त्यांनी धक्क्याला लागल्याबरोबर डोळे तपासून यायला सांगितलंय. तो कालपासून माझ्याशी बोलत नाहीये आणि सुपात मीठ जास्त पडतंय.

शर्ट अंगाला बरोबर बसला. रंगारणीला सांग, रंग फार सुंदर आहे आणि मला तो दिसतो. बटणं काल मीच लावली, सगळी निळ्या धाग्याने. केबिनमधला दिवा तोच आहे, पिवळा.

कळावे. तुझी माया अशीच पाठीशी राहू दे, आणि असेच टोकत जा.

तुझा
धाकटा