मोझेल गायला शिकली

नॅशव्हिल, टेनेसी
१० सप्टेंबर १९७३

ती. व्हर्डीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि वाळवलेल्या शेंगांच्या माळाही मिळाल्या. माळा खिडकीत टांगल्यात. शेजारीण विचारत होती, ही कसली तोरणं म्हणून. खारवलेल्या डुकराबरोबर या दुपारभर शिजल्या की काय चीज होते, हे त्या शहरी बाईला काय सांगणार!

बातमी अशी की कंपनी माझ्या गाजलेल्या गाण्यांची तबकडी काढतेय. दहा जुनी गाणी आणि शेवटी एक नवं. तू म्हणशील, वा! पण इथला रिवाज असा, की गाजलेली गाणी एकत्र निघाली म्हणजे बाईचं आता आवरलं, असं लोक धरून चालतात. ट्रीडवे मात्र खुशीत आहे. माझ्या सगळ्या रेकॉर्डी करणारा तोच तो, आपल्याकडे येऊन आईनं रांधलेल्या बीन्सची अख्खी कढई रिकामी केली होती बघ त्यानं. तो म्हणाला, एकदा दहाही गाणी ओळीनं ऐक, तुझी तुलाच कळेल किती पुढे आलीस.

ताई, मी माझी गाणी कधी ऐकत नाही. गाऊन झालं की झालं. परवा पहिल्यांदा ऐकायला बसले. पहिलंच गाणं ‘अर्धी चादर’. अठरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, आवाज नाकातून येतोय, सगळं गाणं रडत म्हटलंय. मला हसूच यायला लागलं. आणि दुसऱ्या कडव्यात माझ्या आवाजाखाली आणखी एक आवाज ऐकू आला. बारीक, लहान मुलीचा. शब्द नीट येत नसलेल्या मुली मोठ्यांच्या मागे मागे म्हणतात ना, तसा.

ट्रीडवेला विचारलं, त्या दिवशी खोलीत कुणाचं पोर होतं का. तो शपथेवर सांगतो, मी, तीन वाजवणारे आणि तो, एवढेच होतो. इतकी वर्षं त्यालाही तो कधी ऐकू आला नव्हता. मी दाखवल्यावर आला, आणि त्यानं कानावरचं यंत्र काढून ठेवलं.

मी तो आवाज ओळखला. कुणाचा ते लिहायला हात धजत नाही, पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला? तो आपल्या धाकट्या बहिणीचा, मोझेलचा आहे. सहा वर्षांची होती गं ती. घटसर्पानं आधी तिचा आवाज नेला, मग तिला.

मला वेड लागलंय असं वाटलं तर तसं स्पष्ट लिही. आईला काही बोलू नकोस. तुझा हात डोक्यावर राहू दे.

तुझी,
ओलेटा


लॉरेल लिक, केंटकी
१८ सप्टेंबर १९७३

चि. ओलेटास,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. तुला वेड लागलेलं नाही, उपास घडतोय. त्या घट्ट झग्यात मावण्यासाठी तू सकाळी नुसती कॉफी पितेस, हे मला ठाऊक नाही का? पोट रिकामं असलं की कानात कुणीही गातं. माझी आतेसासू, ऑर्विलची आत्या, उपासात दर ईस्टरला देवदूत बघायची, आणि भाकरीचा तुकडा पोटात गेला की देवदूत उडून जायचे.

इकडे सफरचंदं उतरवलीत. शनिवारी अंगणात त्यांच्या मुरंब्यासाठी तांब्याची कढई चढवली, अख्खा दिवस ढवळत होतो. ऑर्विलनं ढवळता ढवळता भाषण दिलं आणि तेवढा एक भाग तळाशी करपवला. त्या करपलेल्या भागाची बरणी तुझ्यासाठी वेगळी ठेवली आहे.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण चर्चला चालतच जाते. तू जाणतेस, मोझेल गेल्यापासून ती तिथंही गात नाही. पुस्तक उघडून बसते. साऱ्या खोऱ्याला जिनं गायला शिकवलं, ती बाई तीस वर्षं गप्प आहे. म्हणून सांगते, हा विषय तिच्या कानावर जाऊ द्यायचा नाही. आणि तूही उकरू नकोस. जुन्या फितीत एखादं दुसरंच गाणं मिसळलं असेल. तुमच्या त्या यंत्रांचं मला काय कळतं, पण आमच्या रेडिओवर दोन स्टेशनं एकात एक बोलतात ती काय भुतं असतात?

तरी राहवत नाही म्हणून विचारते. बाकीच्या नऊ गाण्यांत काय आहे?

नीट जेव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी थोरली बहीण,
व्हर्डी


नॅशव्हिल
२९ सप्टेंबर १९७३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सकाळी अंडी आणि आपल्याकडची पावासारखी मऊ बिस्किटं खाल्ली, रस्सा ओतून. मग पोटभर खाऊन बाकीची नऊ गाणी ऐकली.

ती सगळ्यांत आहे.

आणि ताई, ती वाढते आहे. दुसऱ्या गाण्यात शब्द स्पष्ट झालेत. चौथ्यात तिला दमसास आलाय. पाचवं, ‘दारात दिवा नको’, आठवतं? त्यात ती दहाबारा वर्षांच्या हट्टी पोरीसारखी माझ्या पुढे पळते, आणि मग चूक कळल्यासारखी मागे येते. सातव्यात आवाज फुटून स्थिरावलाय. दहावं मी गेल्या वर्षी गायले. त्यात एक तरणी बाई गाते. जणू मी गायला लागले त्या दिवसापासून ती तिथून पुढे मोठी व्हायला लागली.

वर्तमानपत्रवाले इतकी वर्षं लिहीत आले, की ओलेटा स्प्रॅडलिनचा आवाज दर रेकॉर्डीबरोबर भरत जातो, खोल होत जातो. मला किती अभिमान होता त्याचा! आता गाणी ओळीनं ऐकल्यावर कळतं, की भरत गेला तो तिचा. माझा बारीक होत गेलाय. दहाव्या गाण्यात चाल मीच म्हणते, पण ऐकू तीच जास्त येते. मार्चपासून वरचे सूर लागत नाहीत, हे तुला लिहिलं नव्हतं. डॉक्टर गळ्यात आरसा घालून बघतो आणि म्हणतो, सगळं उत्तम आहे.

ट्रीडवे म्हणतो, तो आवाज पुसू. करून पाहिलं. तो गेला की माझाही जातो, नुसती गिटार उरते. मग म्हणाला, आहे तसं जाऊ दे, लोकांना वाटेल तूच दोनदा गाऊन एकावर एक भरलाय आवाज. पण तो हल्ली माझ्याबरोबर एकटा खोलीत थांबत नाही.

नवं गाणं अजून बाकी आहे. ते गायलं तर माझं काय उरेल, ही भीती आहे. नाही गायलं तर ती तिथंच थांबेल, तेविसाव्या वर्षी, हीही भीती आहे. कोणती मोठी, ते ठरत नाही.

सोबत दहा गाण्यांची नमुन्याची तबकडी पाठवते. एकटी असताना लाव. मला विसरू नकोस.

तुझी,
ओलेटा


लॉरेल लिक
९ ऑक्टोबर १९७३

चि. ओलेटास,
अ. उ. आ.

रविवारी डोकं दुखतं म्हणून घरी राहिले आणि तबकडी लावली. मी थट्टा केली होती, ती परत घेते. तिसऱ्या गाण्याला माझे हात पिठात होते ते तसेच राहिले. तिला कडेवर मी घेत होते, केस मी विंचरत होते, मला चुकेल होय तो आवाज? पण सहाव्या-सातव्या गाण्याला आणखी काही झालं. तिथून पुढचा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही, आणि तरी मला तो ओळखीचा वाटत होता.

आणि मागे वळून बघते तर दारात आई. टोपी डोक्यावर, पुस्तक हातात. प्रार्थना लवकर संपली होती की ही मधूनच उठून आली, मला माहीत नाही. मी धावले यंत्र बंद करायला, तर तिनं काठी आडवी धरली. उभ्यानं दहावं गाणं संपेपर्यंत ऐकलं. मला वाटलं आता कोसळेल. ती कोसळली नाही. खुर्चीवर बसली, टोपीची पिन काढली आणि म्हणाली, की सुरुवातीला पोरगी श्वास भलत्याच ठिकाणी घेत होती, मग सुधारली. पण दुसऱ्याच्या सुरावर टेकून गाते अजून, एकटीनं कधी गायलेली दिसत नाही.

एवढंच. कोण, कसं, काहीही विचारलं नाही. मग उठून बटाटे सोलायला लागली.

ओलेटा, तू ते नवं गाणं गाऊ नकोस. हात जोडून सांगते. एक बहीण आपण टेकडीवर मातीत ठेवून आलोय. तिला काय हवंय ते मला कळत नाही, पण तिला द्यायला माझ्याकडे तू जास्तीची नाहीस. सामान बांध आणि घरी ये. गाणं नसलं म्हणून माणूस मरत नाही, मी जगतेच आहे की.

तुझ्या काळजीत,
व्हर्डी


नॅशव्हिल
२ नोव्हेंबर १९७३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. आधी तेवढं माफ कर, मग पुढे वाच.

आईचं बोलणं तू लिहिलंस त्यानं माझं ठरलं. ती दुसऱ्याच्या सुरावर टेकून गाते. खरंच आहे, वर कायम मी होते. आणि ताई, मीही कधी कुणाच्या खाली गायले नाही. इतक्या रेकॉर्डी केल्या, पण कुणाला मान दिला, कुणासाठी जागा सोडली, असं एकही गाणं नाही.

नव्या गाण्याचं नाव ‘पुढची ओळ तुझी’. मी ट्रीडवेला म्हटलं, मी फक्त खालचा सूर गाणार, मुख्य चाल कुणीच म्हणायची नाही. तो म्हणाला, स्वतःच्या तबकडीवर स्वतःच साथीला बसणारी बाई त्यानं आजवर पाहिली नाही. पण लावून दिलं.

भर दुपार होती. खोलीत मी, वाजवणारे आणि तो. मी खालचा सूर गायले. नुसता तेवढाच ऐकला तर वेड्यासारखा वाटतो, भिंतीशिवाय पायरी असावी तसा. खोलीत दुसरं काहीही ऐकू आलं नाही. वाजवणारे एकमेकांकडे बघत होते. मी डोळे मिटले आणि प्रत्येक ओळीला तिच्या श्वासापुरती वाट बघितली.

मग फीत परत लावली.

गाणं पुरं होतं. ती वर, मी खाली. कशी गायली म्हणून सांगू! मी उभ्या जन्मात गायले नाही असं. रडणं नाही, हुंदका नाही. सांगायचंय ते सांगून मोकळी. शेवटच्या ओळीला मी खालीसुद्धा नव्हते, थकून थांबले होते. ती एकटीनं घेऊन गेली शेवटपर्यंत. मग एक श्वास. आणि पावलं, ताई. लाकडी जमिनीवरून दाराकडे जाणारी. आमच्या खोलीत तर गालिचा आहे.

पोलादी गिटार वाजवणारा म्हातारा टोपी काढून उभा राहिला. ट्रीडवे लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी जुनी दहा गाणी पुन्हा लावली. तिचा मागमूस नाही. दहाही गाण्यांत मी एकटी, बोडकी, माझ्या सगळ्या चुकांसकट. नव्या गाण्यात तेवढी ती आहे. माझा आवाज परत आलाय, काल अंघोळ करताना वरचा सूर अलगद लागला. आनंद व्हायला हवा. पण पावलं दाराकडे गेली, ती पुढे कुठं गेली असतील, हाच विचार डोक्यातून जात नाही.

तबकडी नाताळाआधी निघेल. आईच्या पाया पडते. माझ्यावर रागावलीस तरी पत्र लिहायचं थांबू नकोस.

तुझी,
ओलेटा


लॉरेल लिक
१४ डिसेंबर १९७३

चि. ओलेटास,
अ. उ. आ.

तबकडी पोचली. वेष्टणावरचा तुझा फोटो छान आहे, जरा मांस चढलंय अंगावर. ऑर्विलनं दुकानात जाऊन तीनदा सांगितलं की ही माझी मेहुणी, आणि दुकानदारानं तीनदा सांगितलं की सगळ्या खोऱ्याला माहीत आहे.

रागावले होते. आता नाही. का, ते लिहिते, आणि तू घाबरू नकोस, कारण मी घाबरलेली नाही. तेच तर मला नवल वाटतं.

आईनं तबकडी लावू दिली नाही. म्हणाली, गरज नाही. मला वाटलं तिला सोसणार नाही म्हणून. मंगळवारी सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. आम्ही दोघी पडवीत मका सोलत बसलो होतो. आणि आई तुम्हा दोघींना शिकवायची ते जुनं गाणं गायला लागली. सहज, काल थांबवलेलं आज पुढे सुरू करावं तसं. तीस वर्षांनी, ओलेटा! आवाज किनरा झालाय, पण सूर जागच्या जागी. ती खालचा सूर गात होती. एक ओळ म्हणायची आणि थांबायची, जणू शेजारच्या कुणीतरी पुढची उचलायची आहे.

माझं तुला ठाऊक आहे. मी चर्चमध्ये नुसते ओठ हलवते. लहानपणी तुम्हा दोघींना शिकवताना आईनं मला प्रेमानंच कोंबड्यांना दाणे टाकायला पाठवलं होतं. त्या गाण्याचे शब्दही मला येत नाहीत.

तिसऱ्या वेळी ती थांबली आणि मी ती ओळ उचलली.

पुरी म्हटली. मग पुढची. श्वास कुठं घ्यायचा तेही मला येत होतं. छातीत गार पाणी भरत जावं तसं वाटलं, पण वाईट नाही वाटलं गं. मला माझा आवाज ऐकू येत होता आणि तो तरणा होता. ऑर्विल लाकडं घेऊन अंगणात आला तो तिथंच उभा राहिला. मोळी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

गाणं संपलं. आईनं हातातलं कणीस खाली ठेवलं. मग तिनं हाक मारली, मायेनं, जेवायला बोलवावं तशी. नाव माझं नव्हतं.

मी ओ दिली.

नाताळाला घरी ये. तुझ्या खालच्या सुराची गरज लागेल. आम्ही वाट बघतो आहोत.

तुझी बहीण