दोघांचा चार वर्षांचा प्लॅन

१४ जून, नववी

झालं! पुन्हा एकच वर्ग, एकच बाक. दादा खिडकीशी, मी त्याच्या शेजारी — म्हणजे कुठल्याही सरांची नजर त्याच्यावर पडायच्या आधी माझ्यावर पडते. दादा माझ्याहून दीड वर्षाने मोठा. तिसरीत दुसऱ्यांदा बसला, तेव्हापासून आम्ही बरोबर आहोत. छापलेली अक्षरं त्याला जुमानत नाहीत, पण एकदा ऐकलेलं तो जन्मात विसरत नाही. म्हणून घरी मी सगळं मोठ्याने वाचते आणि तो डोळे मिटून ऐकतो. वर्गातली पोरं आम्हाला इंजिन-डबा म्हणतात. म्हणू देत!

बाईंनी आज सगळ्यांना तंबी दिली — बारावीपर्यंतचं आत्ताच ठरवा, ऐनवेळी रडू नका. नववीत पाया, दहावीत बोर्ड, अकरावीत शाखा, बारावीत कॉलेज. मला तर असलं काही सांगायचाच अवकाश! घरी येऊन मोठ्या कागदावर चार रकाने आखले. प्रत्येक रकान्यात मधोमध एक रेघ — अर्धा माझा, अर्धा दादाचा. त्याला विचारलं, तुझ्या भागात काय लिहू? म्हणाला, "तुझ्यात लिहिशील तेच." सोपं गिऱ्हाईक आहे.

कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवताना आईने खालचं टोक धरलं होतं. म्हणाली, "तू आहेस म्हणून मला त्याचा घोर नाही गं." मी तेव्हापासून हवेत.

८ नोव्हेंबर

गणितात दादा पास. काठावर का होईना! मी एवढ्याने ओरडले की बाबा अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आले.

६ मार्च, दहावी

बोर्डाचा पहिला पेपर. दादाला लेखनिक मिळालाय — उत्तरं हा सांगणार, लिहिणार नववीतली एक मुलगी. मीच लिहीन म्हणून मी ऑफिसात किती भांडले! नियम म्हणजे नियम, लेखनिक खालच्या वर्गातलाच हवा. त्या दोघांना वेगळ्या खोलीत बसवलं. माझा जीव तिकडेच.

पण खरी फजिती माझीच झाली. पेपर हातात आला आणि डोकं कोरं. वर्षभर पाठ केलेलं एक अक्षर आठवेना. मग हळूच, अगदी ओठातल्या ओठात प्रश्न वाचला, दादाला वाचून दाखवते तसा. आणि भराभरा सगळं आठवायला लागलं! पर्यवेक्षक दोनदा अंगावर आले. "तोंड मिटून लिहा!" आता तोंड मिटून मला काही येत नाही हे त्यांना कुठे सांगत बसू?

दादाला सांगितलं तर हसून हसून लोळला. "मी शेजारी नव्हतो, मग कुणाला शिकवत होतीस?"

मला एवढं हसू नाही आलं.

२१ जून, अकरावी

मला सायन्स मिळत होतं. कला शाखा घेतली. बाबांनी दोनदा विचारलं, "नक्की ना? मागाहून पस्तावशील." गणिताचा कंटाळा आलाय म्हणून ठोकून दिलं. दादाला कलाच मिळणार होती, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आईने जाता जाता डोक्यावरून हात फिरवला.

बाक मात्र मोठा आहे इथे. ऐसपैस.

३० ऑगस्ट

दादाला नवीन खूळ. कॉलेजच्या सभागृहात माईकवाले काका आहेत, त्यांच्या मागे मागे असतो. केबलची वेटोळी करतो, स्पीकर उचलतो. आज कार्यक्रमात माईक असा किंचाळला की सगळ्यांनी कान झाकले. काका बटणं फिरवून थकले. दादा स्टेजच्या टोकाला जाऊन उभा राहिला, जरा ऐकलं, आणि एक स्पीकर थोडा वळवला. बंद! काकांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, कौतुकाचा.

मला बरं वाटलं. आणि रागही आला — आमचा वाचायचा तास बुडाला ना! घरी येऊन घाईघाईने इतिहास वाचायला घेतला. तिसऱ्या पानावर दादा म्हणाला, "बास आता. दमलीस की तुझा आवाज वर चढतो."

माझा आवाज वर चढतो! मला कधी कळलंच नव्हतं.

१२ डिसेंबर, बारावी

राज्यशास्त्राच्या सरांनी आज माझ्यापुढे हात टेकले. "बाई गं, तुझ्याशी वाद घालून माझं डोकं उठलं. तू वकीलच हो." सगळे हसले. पण सर तास संपल्यावर थांबले आणि नीट सांगितलं — पाच वर्षांचा कोर्स, प्रवेश परीक्षा असते. इथून फार लांब. होस्टेलवर राहावं लागेल.

कपाट उघडून चौथा रकाना बघत बसले. माझ्या भागात लिहिलं, "कायदा". दादाच्या भागात काय लिहू? आजवर माझंच उतरवून काढत आले. पेन तसंच हातात राहिलं.

१६ मे

मिळाला प्रवेश! मिळाला, मिळाला, मिळाला!

फक्त आईला सांगितलं. तिने मला घट्ट जवळ घेतलं, डोळ्यांत पाणी. मग ताटं पुसायला लागली. एकच ताट पुसत राहिली. "जा तू. त्याचं बघू आम्ही. एकटा कधी कुठे गेलेला नाही तो… पण बघू." या "बघू"ने माझा सगळा आनंद खाली बसला.

१९ मे

ठरलं. जात नाही. इथल्याच कॉलेजात बी.ए. करीन, दादाबरोबर. उद्या कायद्याच्या कॉलेजला फोन करून नाही म्हणून सांगायचं, उद्या शेवटची तारीख आहे.

मोठा त्याग वगैरे काही नाही. खरं सांगायचं तर मी चिडलेय. मला जायचंय! खूप जायचंय. हे इथे सोडून कुठे बोलायची सोय नाही. पण तो बाकावर एकटा बसलाय, समोर पुस्तक आहे आणि वाचून दाखवायला कुणी नाही, असं नुसतं मनात आलं तरी मी उठून त्याच्या खोलीत डोकावून येते. इतका गुणी भाऊ कुणाला नसेल. थोडा वाईट असता तर बरं झालं असतं.

२० मे

फोन हातात घेतला तेवढ्यात दादा चहा घेऊन आला. म्हणाला, "मी चाललोय."

कुठे, दुकानात?

नाही! साउंडचा दोन वर्षांचा कोर्स. लांब, दुसऱ्या शहरात. तिथेच राहायचं. माईकवाल्या काकांनी सुचवलं, गेल्या महिन्यात हा परीक्षा देऊन आला, काल निवड कळली. दोन बस बदलून गेला होता, एकटा! "रस्ता कसा सापडला तुला?" "विचारला. तोंड आहे ना मला." आईने ऐकलं आणि ती मटकन खुर्चीत बसली.

याला सोडून जायचं कसं, हेच मी चार दिवस घोकत बसले. आणि हा मला सोडून निघाला! आता मी वाचणार कुणासमोर? रडूच फुटलं. आधी का नाही सांगितलंस, म्हणून त्याला दोन्ही हातांनी बडवलं.

"सांगितलं असतं तर तू प्लॅन केला असतास."

मग कायद्याच्या कॉलेजला फोन केला. येते म्हणून सांगितलं.