अस्तरातली शिडी

ता. ३, सोमवार

चि. साहेबास,

अनेक आशीर्वाद. पोचल्याचं दोन ओळींत तरी कळवशील म्हणून आठ दिवस पोस्टमनचं तोंड बघतेय. आता तोच मला बघून लाजायला लागलाय.

तू मतमोजणीला बसणार हे शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, फार जबाबदारीचं काम. मी म्हटलं, लहानपणी दहाच्या पुढं गेलं की बोटं कमी पडायची त्याला, आता अख्ख्या मुलखाची मतं मोजतोय.

तुझ्या काळ्या कोटाचं अस्तर खिशापाशी उसवलं होतं. तू निघायच्या गडबडीत, म्हणून मी तात्पुरतं अडकवून दिलंय. सूनबाईंना म्हणावं, नीट टाके घाला. येत नसतील तर पत्रानं शिकवते.

जाताना तू पुन्हा म्हणालास, बाबांचा बिल्ल्यांचा पडदा भंगारात दे. निवडणुकांचे दोनशे चौदा बिल्ले रे ते, झाडून सगळ्या पक्षांचे. मधल्या दारात वारा शिरला की सगळे मिळून खुळखुळतात. त्यांची एवढी एकी दुसरीकडं कुठं दिसते का तुला?

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायला तुला सवड कुठली!

तुझी आई

ता. ११, मंगळवार

ती. आईस,

सा. न. वि. वि. मोजणीच्या दालनात शिरताना माझा कोट तपासला. अस्तराच्या आत शिडीचा बिल्ला निघाला. यंदा शिडी ही कोणाची निशाणी आहे ते तुला ठाऊक आहे. मला टेबलावरून उठवलं. चौकशी लागलीय, तोवर कामावर यायचं नाही.

मी लेखी दिलं की हा बिल्ला मी कधी पाहिलेला नाही. कोट कुठं होता विचारलं, तर सकाळभर शिपायाच्या खोलीत खुंटीवर होता, हेही सांगितलं. आता त्या म्हाताऱ्याच्या मागं लागलेत. निवृत्तीला त्याचे चार महिने उरलेत.

पडदा आजच्या आज जाळून टाक. कुणी चौकशीला आलं तर घरात एकही बिल्ला दिसता कामा नये.

तुझा मुलगा

ता. १४, शुक्रवार

चि. साहेबास,

आशीर्वाद. थट्टा आज सुचत नाही.

बिल्ला मी लावला. घरात सेफ्टी पिन सापडेना, म्हणून पडद्यावरचा एक काढला. शिडीचाच का, तर त्याची पिन सगळ्यांत मजबूत. बाबांनी स्वतः डाख दिलेली. आणि तू म्हणतोस, कधी पाहिला नाही? बुटाच्या पॉलिशच्या झाकणाचा तो. त्यावर शिडीची सहावी पायरी बसेना म्हणून भोकाड कोणी पसरलं होतं? त्यांनी तो हातात धरून दाखवला तेव्हाच तू ओळखला असणारस.

तुला कधी बोलले नाही ते लिहिते. शिडीची निशाणी घेऊन बाबा निवडणुकीला उभे राहिले तेव्हा आमच्या बायकांच्या पेटीत त्यांना एकही मत निघालं नाही. घरच्या बाईनंसुद्धा दिलं नाही, हे गावभर झालं. मला भीती वाटली होती, निवडून आले तर हा माणूस घरात टिकायचा नाही. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाकीच्या चौघांचे बिल्ले आणून पडद्याला टोचले आणि विचारलं, यातला कोण? मी म्हटलं, आठवत नाही. मग दर निवडणुकीला नवे बिल्ले आणायचे, त्यांच्या बाजूला टोचायचे, आणि त्या पहिल्या चौघांकडं बोट करून हसत हसत तेच विचारायचे. मीही तेच उत्तर द्यायची. शेवटच्या आजारपणातही तेच दिलं.

मला चांगलं आठवत होतं. खोटं एकदा दिलं की किती वर्षं चालवावं लागतं, ते माझ्याकडून ऐक. शिपायाचे तर चारच महिने उरलेत.

पडदा जाळणार नाही. घेऊन येतेय.

तुझी आई

ता. १७, सोमवार

ती. आईस,

नमस्कार. कृपा करून येऊ नकोस. तू बोललीस तर मी खोटं लिहून दिलं हे उघड होईल. बिल्ल्यापेक्षा ते महाग पडेल.

तुझं पत्र वाचल्यापासून तुझी सून माझ्याशी बोललेली नाही. काल शिपाई दारात आला होता. ऑफिसात राहिलेला माझा डबा घासून आणला होता. मी दार उघडलं नाही. तो डबा उंबऱ्यावर ठेवून गेला.

तुझा मुलगा

ता. २६, बुधवार

चि. साहेबास,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. बघ, असं दोन ओळींत कळवता येतं.

त्या दिवशी पडद्याचं गाठोडं घेऊन मी ऑफिसच्या पायऱ्या चढले, तर तू आधीच आत. नवा जबाब लिहून सही करत होतास. मला बघून तू मान खाली घातलीस, पण पेन थांबवलं नाहीस. बाबा असते तर त्यांनी तुला मत दिलं असतं.

तू बाहेर गेल्यावर काय झालं ते तू विचारलं नाहीस. अधिकाऱ्यांनी सगळे बिल्ले उलटेपालटे करून पाहिले. शिडीमागचं पॉलिशचं नाव वाचून त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. मग विचारलं, आजी, यातला तुमचा कोणता? मी उठले आणि त्या पहिल्या चौघांतल्या छत्रीवर बोट ठेवलं. त्या उमेदवाराचा चेहराही आठवत नाही, छत्री तेवढी छान रंगवली होती. एवढंच होतं रे. एवढंसं ऐकायला बाबांना दोनशे चौदा बिल्ले गोळा करायला लावले मी.

पडदा पुरावा म्हणून सीलबंद ठेवलाय, परत मिळेल असं कोणी म्हणालं नाही. तुझा निकाल लागायचाय. जे होईल ते होवो, शिपाई आपल्या स्टुलावर बसलाय, निघताना मी बघून घेतलं. डबा आता भरून त्याला नेऊन दे.

मधल्या दारातून वारा गुपचूप येतो, सवय नाही झाली.

कोटाचं अस्तर तुमच्याकडं असतानाच शिवलंय, काळ्या दोऱ्यानं. तरी घालण्याआधी एकदा चाचपून बघ. माझा काही भरवसा नाही.

लोभ यावेळी खरंच वाढव.

तुझी आई