चौदाव्या बाटलीतलं पाणी

जहाजावरून, दक्षिणेचा समुद्र
(पत्ता याहून नीट देता येत नाही, आम्ही सारखे हलतो आहोत)

ती. धर्मादाजी यांस,

पाव लिटर पाणी. त्याला लागले चार तास, तीन हजार मीटर तार, नऊ माणसांचं जेवण (वाढलेलं, पण न जेवलेलं), मोहिमेच्या प्रमुख मृणाल मॅडमचा चष्मा आणि माझ्या उजव्या अंगठ्याचं नख. त्यातला एक घोट मी प्यालो. ती हकिकत पुढे येईलच, आधी रीत पुरी करतो.

काळूरामचा साष्टांग नमस्कार. (घालायला वाकलो तेवढ्यात जहाज कलंडलं आणि नमस्कार आपोआप पुरा झाला, तेव्हा तो पोचला असं समजा.) तुमचा गुडघा कसा आहे? ठमाताईने साखर तपासून घेतली का, की अजून "सोमवारी जाईन" चालू आहे? एव्हाना वालाच्या शेंगा भरल्या असतील, तुम्ही पोपटी लावली असेल, आणि काळूराम नाही म्हणून एक मडकं कमी लागलं असेल. मी ठीक आहे. उलटी पहिले सहा दिवस झाली, सातव्या दिवशी पोटात काही उरलंच नाही म्हणून थांबली.

निघताना पेणच्या स्टँडवर तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "काळू, तुझा तो विंचबिंच बघ, पण येताना पोरीचा होकार घेऊन ये. पनवेलची माणसं एप्रिलच्या पुढे थांबायची नाहीत." मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की ट्रकचा क्लीनर होतो तेव्हापासून आजपर्यंत ज्याच्याकडे होकार आणायला गेलो, त्याच्याकडून तो घेऊनच उठलो. दिघीच्या धक्क्यावरच्या साहेबांनीसुद्धा माझ्यापुढे मान हलवली, तिथे एकोणतीस वर्षांची भाची काय चीज आहे? बरं, जहाजवाल्यांनीही अट घालूनच ठेवली होती, की विंच ज्याने दुरुस्त केला त्यानेच सोबत यावं. (दुरुस्तीवर एवढा विश्वास ठेवणारं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलेलं नाही.) म्हणजे विंच सांभाळायचा आणि कल्पिताला वळवायचं, अशी दोन कामं. विंच नीट चालतो आहे.

आता इथलं काम सांगतो, म्हणजे पोरगी चार-चार महिने काय करते ते तुम्हाला कळेल. एक गोल लोखंडी पिंजरा, त्यात उभ्या चोवीस बाटल्या, एकेक पोरीच्या कमरेएवढी उंच. हा पिंजरा माझ्या विंचच्या तारेने तळाकडे सोडायचा. वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेका बाटलीचं झाकण मिटतं आणि ती तिथलं, फक्त तिथलंच पाणी घेऊन येते. ते किती खारं, त्यात हवा किती, हे कल्पिता आणि तिची माणसं मोजतात आणि वीस वर्षांपूर्वी याच जागी मोजलेल्या आकड्यांशी ताडून बघतात. समुद्र बदलतो आहे का, कुठे, किती, हे त्यावरून कळतं. पुस्तकात वाचलं असतं तर मी पान उलटलं असतं. पण दाजी, हातमोज्यातून बोटं कळेनाशी होतात, डेकवर बर्फाचे खडे उडतात, आणि तुमची पोर त्यात उभी राहून तारेवर डोळा ठेवते, हे समोर बघितल्यावर मला पान उलटता येईना.

गेल्या आठवड्यात एका दुपारी पिंजरा तीन हजार मीटर खाली, आणि समुद्र फुगला. लाट डेकवर आली, मॅडमचा चष्मा घेऊन परत गेली. मी विंचवर. कल्पिता कठड्याशी स्वतःला पट्ट्याने बांधून. "मामा, घे!" म्हटलं की ओढायचं, "मामा, थांब!" म्हटलं की थांबायचं. अख्ख्या तालुक्यात मला थांब म्हणणारा माणूस नाही (तुम्ही म्हणता, पण मी ऐकत नाही), आणि इथे मी चार तास शाळेतल्या मुलासारखा ऐकत होतो. मध्येच मला विंचचा आवाज बदललेला ऐकू आला. पडद्यावर सगळं हिरवं, इंजिनिअर म्हणतो काही नाही, चालू ठेवा. मी म्हटलं, नाही, हा रडतोय. इंजिनिअर हसला. कल्पिता तिथून ओरडली, "मामा रडतोय म्हणाला ना? मग थांबवा!" थांबवलं, बघितलं, तर तार रिळावर चढून एकीवर एक बसलेली. अजून दहा फेरे झाले असते तर पिंजरा, बाटल्या आणि पोरीची दोन वर्षं समुद्रात गेली असती. तार सारखी करताना नख गेलं, त्याचं काही नाही.

पिंजरा वर आला. सगळ्यांनी आपापल्या तपासणीचं पाणी काढून घेतलं, शेवटी खारटपणा मोजायच्या काचेच्या बाटल्या भरून फळीवर लागल्या. बाकीचे चहाला गेले. आणि दाजी, माझा हात गेला. मिठागरात तुमच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली. पाणी पिकलं, म्हणजे मीठ धरण्याइतकं खारं झालं की नाही, हे तुम्ही जिभेवर घेऊन ठरवायचात आणि मलाही तसंच शिकवलंत. चौदा नंबरची बाटली उघडली, घोट घेतला, आणि मोठ्याने म्हणालो, "कच्चं आहे. अजून बराच उन्हाळा पाहिजे."

मागे कल्पिता उभी.

"मामा, प्यालास?"

"चाखलं गं नुसतं."

"कुठली?"

"चौदा."

ती बादली उलटी घालून तिच्यावर बसली. मोठ्या बाटलीत थेंब उरला नव्हता, ते पाव लिटर शेवटचं होतं. मी आपला धंदेवाईक तोडगा काढला. म्हटलं, तेराचा आकडा घे, पंधराचा घे, मधला लिही, कुणाला कळणार? ती म्हणाली, "मला कळंल ना. आणि वीस वर्षांनी कुणीतरी त्या आकड्यावर भरवसा ठेवील, त्याला कळणार नाय." आणि वहीत लिहिलं: चौदा, नमुना नाही, विंचचालकाने चाखला. रोजच्या बैठकीत कॅप्टनसकट सगळ्यांसमोर ते वाचलं. माझा मामा आहे, हेही सांगितलं. आवाज हलला नाही. तेव्हापासून आमचा आचारी रामचंद्र डाळीची पळी माझ्यापुढे धरतो आणि विचारतो, "मामा, पिकली का?" मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण अभिमान आधी वाटला. तीस वर्षांच्या धंद्यात एक रिकामी जागा रिकामी ठेवायची हिंमत मला कधी झाली नाही.

तरी तुमचं काम मी विसरलो नव्हतो. पनवेलच्या त्या कंटेनरवाल्या अल्पेशचा विषय काढला. ती म्हणाली, "मुलगा वाईट नाय, मामा. त्याने विचारलं, समुद्रावर जायचं कधी बंद करणार? मी विचारलं, तू कंटेनर कधी बंद करणार? तो हसायला लागला. मी खरंच विचारत होते."

इथल्या भिंती पातळ आहेत आणि माझे कान तुम्हाला माहीत आहेत. त्यानंतर दोन दिवसांनी मृणाल मॅडम तिला सांगत होत्या, पुढची तीन वर्षं पाण्याचं सगळं काम तू सांभाळ, दरवर्षी चार महिने समुद्रावर. कल्पिता म्हणाली, "मला जायचंच आहे, मॅडम. फक्त बाबांना ते माझ्या तोंडून कळू दे. दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना फार लागेल." मी उशी कानावर घेतली. (आधी पुरतं ऐकून.)

बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
काळूराम

ता. क. शनिवारी पोर्ट लुईस बंदराला लागू. उतरल्या उतरल्या या पानांचे फोटो तुम्हाला पाठवतो. कल्पिता सामान उतरवून रविवारी फोन करील. त्याआधी पनवेलला कळवून टाका, की एप्रिलला थांबू नका आणि पुढेही थांबू नका.

दुसरा ता. क. हे पत्र तुम्ही वाचलेलं नाही. ती सांगेल तेव्हा पहिल्यांदा ऐकताय असंच वागा. ताईला दाखवू नका, तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, आणि फोन हल्ली चेहऱ्यासकट येतो. तुमचा पहिला शब्द नेहमी "नाही" असतो. तो या पत्रावर खर्च करून टाका, रविवारी दुसरा वापरा.

तिसरा ता. क. तिने त्या तीन वर्षांच्या कामाच्या कागदावर मंगळवारीच सही केली. खाली जवळच्या नातेवाइकाची सही लागत होती. ती माझी आहे.