गांबियाच्या भोपळ्याचा पहारा

वडील भावासारख्या बन्सीधररावांना येलदरीच्या धरणाकाठून दिनकररावाचा टाळ-मृदंगासह रामराम.

इकडं सगळी खुशाली आहे. तुमची कंबर कशी आहे? गंगाखेडच्या वैद्याचा लेप लावता की नुसता उशाशी ठेवता, हे वहिनींना विचारून कळवा (तुम्ही खरं सांगणार नाही). धरण भरलंय, कापूस बरा आहे, आणि तुमची बहीण माझ्यावर नेहमीपेक्षा जास्त रागावलेली नाही. फोन सोडून पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर तुम्ही माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि मला या वेळी बरंच बोलायचंय. तुमची भाची राजेश्री हिला गांबिया देशात वर्षभर तिथलं वाद्य शिकायला बोलावलंय. (हा देश आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला आहे. एका नदीचे दोन्ही काठ धरून बसलाय, त्यामुळं मला तो ओळखीचाच वाटतो.) दसऱ्याच्या आत होकार कळवायचाय. पण आमच्या घरातलं एक माणूस अडून बसलंय. त्याचं शेवटी सांगतो. आधी मी जगाचं संगीत कसं पचवलं ते ऐका.

राजेश्री पुण्याला संगीत शिकायला निघाली तेव्हा तुम्ही भर पंगतीत म्हणाला होता की, टाळच कुटायचे होते तर दाजींच्या हाताखाली कुटले असते. मी ते मनात ठेवलेलं नाही, फक्त लक्षात ठेवलंय. पोरगी सुट्टीला आली की देशोदेशीची जुनी गाणी फोनवर ऐकवते. सुरुवात मंगोलियापासून झाली. तिकडं एकच माणूस एकाच गळ्यातून एका वेळी दोन सूर काढतो, एक खालचा घरघरता आणि एक वर शिट्टीसारखा. साऱ्या पंचक्रोशीत माझ्यासारखा खर्ज कुणाचा नाही, हे तुम्हालाही कबूल आहे, म्हणून मी गोठ्यात जाऊन सराव सुरू केला. म्हशीनं पान्हा चोरला, आणि तुमच्या बहिणीनं ज्येष्ठमधाचा काढा पाजून मला दोन दिवस झोपवून ठेवलं.

मग जपानची बासरी आली. ती मी एकट्यानं न ऐकता देवळात सगळ्या भजनी मंडळाला ऐकवली, कारण विद्या दिल्यानं वाढते. आता आपल्याकडं गाणारा मध्येच थांबला तर त्याचा अर्थ एकच, चरण विसरला. अशा वेळी बाकीच्यांनी ओळ उचलून धरायची आणि त्याची लाज राखायची. तो जपानी माणूस थांबला, आणि आमच्या परमेश्वरनं, म्हणजे पखवाजवाल्यानं, थाप मारून मंडळासकट त्याला असा उचलला की पुढची बासरी कुणालाच ऐकू आली नाही. राजेश्री म्हणाली, "बाबा, ते थांबणं बी गाण्यातच हाय." मला ते पटायला आठवडा लागला. परमेश्वरला अजून पटायचंय.

अशी तयारी झाल्यावर, पुण्यात राजेश्रीला आपलं वाद्य शिकवणारा गांबियाचा वादक तिच्या ओळखीनं चारठाण्याची देवळं बघायला आला आणि मुक्कामाला आमच्याकडं उतरला. त्याचं नाव लामीन. उंच, हसरा, आणि बोलण्यात तुमच्या-माझ्यापेक्षा अदब जास्त. त्याच्या वाद्याला कोरा म्हणतात. अर्धा भोपळा, त्यावर कातडं (कशाचं ते विचारलं नाही, पखवाजाचं तरी आपण कुठं विचारतो?), उभा दांडा आणि एकवीस तारा. जीपमधून उतरल्यावर त्यानं हातपाय धुवायला जाताना ते वाद्य माझ्या हातात दिलं.

आता तुम्हीच सांगा. भोपळा आहे, दांडा आहे, तारा आहेत, आणि देणारा पाहुणा कलावंत आहे. सप्ताहात वीणा हाती आली की आपण काय करतो? देणाऱ्याच्या पाया पडतो, घेऊन उभे राहतो, आणि पुढचा माणूस येईपर्यंत ती जमिनीला टेकू देत नाही. मी लामीनच्या पाया पडलो. तो बिचारा गडबडून माझ्या पाया पडला. तो जेवायला बसला आणि मी कोरा घेऊन देवळात उभा राहिलो. नुसतं मुक्यानं उभं कसं राहायचं, म्हणून टाळ सुरू झाले. माझ्यानंतर परमेश्वर, मग टाळकरी बालाजी, असा रीतसर पहारा लागला. लामीन चारठाण्याला जाऊन देवळं बघून परत आला तरी पहारा चालूच. तो कोपऱ्यात बसून मान डोलावत होता आणि मला वाटत होतं की आपलं भजन त्याला फारच भावलंय.

दिवस मावळताना त्यानं राजेश्रीला हळूच विचारलं म्हणे की, हे वाद्य इथल्या देवाला वाहिलं गेलंय का, की परत मिळेल? भिडेपोटी माणूस दिवसभर गप्प बसला होता. पोरीनं सगळी रीत समजावल्यावर तो पुन्हा पहाऱ्यावर आलेल्या परमेश्वरसमोर येऊन उभा राहिला, वाकला, आणि वाद्य हातात घेऊन इतका हसला की सगळं देऊळ हसलं.

मग तो वाजवायला बसला. दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं तारांवर अशी चालत होती की एका माणसाचं वाजवणं आहे हे पटेना. त्यांच्याकडं ही विद्या घराण्यात बापाकडून मुलाकडं जाते. मध्येच तो थांबला. परमेश्वरचा हात उठला, पण मी नुसतं बघितलं आणि तो खाली आला. बन्सीधरराव, त्या थांबण्यात मला धरणाच्या पाण्याचा आवाज ऐकू आला. जन्म इथं गेला, पण देवळात बसून तो कधी ऐकला नव्हता.

नंतर लामीननं कोरा राजेश्रीपुढं धरला. ती पाया पडली आणि वाजवू लागली. एकदा चुकली, पुन्हा धरलं, आणि पुढं अशी गेली की लामीननं डोळे मिटले. ही माझी पोरगी. तुम्ही पंगतीत म्हणालात ते टाळ कुटणं हेच. माझी छाती त्या दिवशी शर्टात मावत नव्हती, आणि अजूनही मावत नाही. लामीनच्याच गावाहून ते वर्षभराचं बोलावणं आलंय.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, कमरेला आराम.

आपला,
दिनकर

ता. क. येत्या रविवारची सकाळची एसटी धरून या. अडून बसलेल्या माणसाचं नाव मी घेत नाही, पण ते तुमच्या शब्दाबाहेर नाही. आधी जेवा, आमटीला नावं ठेवू नका, मग विषय काढा.

ता. क. २ येताना तुमच्या मळ्यातला वाळलेला मोठा भोपळा आणा. सगळ्यांत मोठा. तारांचं परमेश्वर बघतो म्हणालाय. कोरा घरीच तयार झाला तर पोरीला एवढ्या लांब जायची गरज काय, असा एक साधा विचार मनात आला.

दादा, सगुणाचा नमस्कार. पत्र टाकायला माझ्याजवळ दिलं, म्हून वाचलं. अडून बसलेलं माणूस मी न्हाई. मी तर पोरीच्या बॅगेत लोणचं बी भरून ठेवलंय. हे रोज तिची बॅग माळ्यावर ठेवायलेत आन् मी रोज खाली काढायले. भोपळा आणू नको, तू नुसता ये. वीणा खाली ठेवू नका म्हून साऱ्या गावाला सांगत फिरतेत, पण पुढच्याच्या हातात द्यायचा वखत आला तर ह्यांचेच हात सुटंना झालेत.