बारा वर्षांचा बटू

७ एप्रिल
चिरंजीवांच्या दप्तरात डबा सापडला. कधीचा, देव जाणे. बटाट्याची भाजी असावी, आता तिला हिरवी लव आलेली. शी. धुतला नाही, झाकणासकट फेकला. विचारलं तर अर्चित म्हणतो, "मला आवडली नव्हती ना."
खोलीत शिरवत नाही. मोजे, घाम, वर तो स्प्रे. त्यापेक्षा घाम परवडला. बारा वर्षांच्या पोराला एवढा वास येतो कुठून?

१० एप्रिल
मुंजीचा मुहूर्त निघाला. ४ मे, गंगापूर रोडचा हॉल. आठव्या वर्षी करायची तर लॉकडाऊन, मग सासरे गेले, मग राहूनच गेलं. आता बटूला मिसरूड फुटतंय.
सासूबाई खूश. "मातृभोजन तेवढं नीट होऊ दे हो. आई-लेकाचं एका ताटातलं शेवटचं जेवण. पुन्हा तुझ्या पानात जेवायचा नाही तो."
मंदारला म्हटलं, साधी करू. नवरा सातपूरच्या कारखान्यातून सेकंड शिफ्ट करून आलेला, जेवता जेवता म्हणाला, "फोटोग्राफरला हो म्हटलंय मी." 'प्री-मुंज शूट' आहे म्हणे. सोमेश्वरच्या धबधब्यापाशी, धोतर नेसवून. एप्रिलात धबधब्याला पाणी तरी असतं का? शिसारी आली नुसती ऐकून.

१६ एप्रिल
आमटीची चव बघितली आणि डाव परत पातेल्यात घातला. अर्चित दारात उभा. "शी! आई, तू चाटलास तो!" जेवला नाही. स्वतः मॅगी करून खाल्ली.
परवा माझ्या बाटलीतलं पाणी नको झालं. काल टॉवेल.
आणि हाच तो. रांगायचा तेव्हा दिसेल ते तोंडात. मेलेली माशी एकदा मी बोट घालून काढलीय. वर्षाचा असताना चोखून चोखून लगदा झालेलं बिस्कीट माझ्या तोंडात कोंबायचा, घेतलं नाही तर भोकाड. घ्यायचे मी. तिसऱ्या वर्षी शेंबूड हक्काने माझ्या ओढणीला. सहाव्या वर्षी पडलेला दात मुठीत, रक्तासकट, "आई, तुला ठेव." तेव्हा आम्हा दोघांनाही कसली किळस नव्हती.

२१ एप्रिल
पालकसभा. समुपदेशक बाई, पडद्यावर तक्ता. शैशव, बाल्य, किशोरावस्था, प्रत्येकाला वेगळा रंग. "या वयात मुलं आईपासून जरा लांब जातात. मनाला लावून घेऊ नका." सगळ्या आया माना डोलावतायत. बाईंना मूल आहे का, विचारलं. आहे, दोन वर्षांचं. मग काय, बोला कितीही.
येताना चहा घेतला. तोही पांचट.

२७ एप्रिल
अर्चितने सासूबाईंना तोंडावर सांगितलं, "मी एका ताटात जेवणार नाही. अनहायजिनिक असतं ते."
"आईची घाण वाटते तुला?"
तो उठून खोलीत गेला. म्हणजे हो.
मला राग आला. राग कसला, लागलं. स्वयंपाकघरात जाऊन ओटा घासत बसले. सकाळीच घासला होता.

१ मे
त्याच्या खोलीत गेले, श्वास रोखून. म्हटलं, "नको असेल तर नको जेवूस. गुरुजींना मी सांगते. आजीलाही."
मोबाइलमधून मान वर. "नक्की?"
"नक्की."
"ओके."
संपलं. मला वाटलं होतं, "तसं नाही गं" म्हणेल. मूर्ख मी.

४ मे, हॉलमधून आल्या आल्या, पहाटेपासूनचं लिहितेय
मुंडणाआधी मातृभोजन. गुरुजींकडे सांगायला निघाले, तेवढ्यात अर्चित येऊन पाटावर बसला. माझ्या शेजारी, आपणहून. ओळीत पाहुण्यांची मुंज झालेली पोरं, त्यांचं सगळं लक्ष जिलबीवर. मला भरूनच आलं.
वाढायला सायखेड्याचे आचारी. "बाई, पोरगं लय मोठं झालं. आधीच करायचं व्हतं हे." अर्चितचे कान लाल. भातात बोटाने रेघ मारली त्याने. "ही बाजू माझी." म्हटलं चला, तेवढं तर तेवढं.
मग तो फोटोग्राफर. "काकू, भरवा! बटू, तोंड उघड! अजून एक! आईकडे बघ!" वरणभाताचा घास भरवला. घेतला त्याने. दातांच्या तारेला माझी बोटं लागली. सासूबाई रडल्या, मी रडले, सगळं कॅमेऱ्यात.
हात धुवायला गेले तर हा बेसिनपाशी. घास गालातच होता. थुंकला. नळ सोडून भात बोटाने जाळीत ढकलत होता. त्याने मला बघितलं नाही. तशीच खरकट्या हाताने मागे फिरले, पुढची मुंज हसतमुखाने केली. भिक्षावळीतसुद्धा हसले.
मंदारला सांगितलं. म्हणे, "सगळ्यांसमोर नाही ना थुंकला? तेवढा वेळ तोंडात धरला की तुझ्यासाठी." काय पण कौतुक! या माणसाचाही वीट आला मला.

६ मे
फोटो आले. छान आलेत. सासूबाईंनी तो घासाचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. पन्नास बायकांचे डोळे पाणावलेले. मी ग्रुप म्यूट केला.

९ मे
सकाळी डोसे. अर्चितने अर्धा टाकला, चटणीत चिवडून, कडेला चावून परत ठेवलेला. इतकी वर्षं त्याच्या ताटात उरलेलं मीच संपवते, ओट्यापाशी उभ्याउभ्या, न बघता. आज उचलला आणि तोंडाशी नेववेना. त्याची लाळ दिसत होती. रागाने नाही, खरंच किळस आली. कचऱ्यात टाकला.
वळले तर तो दारात, मुंडण केलेलं डोकं खाजवत.
"आई, तू खातेस ना ते?"
"नाही."
तो गेला नाही. तिथेच उभा.
"का?"
नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. बराच वेळ तो दारातच होता.