सात घरांत आढळलेल्या अर्जदाराचा एका खोलीसाठी अर्ज

प्रति,
मा. निवास नोंदणी अधिकारी,
किनारा विभाग, नगर कार्यालय
(जिन्याखालची खिडकी).

विषय : अर्जदारास सात घरांतून वगळून, तो राहतो त्या खोलीतच राहत असल्याची नोंद होणेबाबत.
संदर्भ : लाँड्रीवरील खोलीच्या दारावरची नोटीस (चिकटवणारा : अर्जदार).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा समुद्रासमोरील सात बंगल्यांचा राखणदार असून मोठ्या बहिणीसह (यापुढे 'ताई') लाँड्रीवरील खोलीत राहतो. ताई बेकरीत पाव भाजते. बंगल्यांचे मालक वर्षातून एकदा येतात, हवा फार दमट आहे असे म्हणतात व जातात. एरवी पडदे उघडणे, दिवे लावणे आणि घरात माणूस आहे असे भासवणे हे अर्जदाराचे काम. ते तो मन लावून करतो, हीच अडचण झाली.

२. मागे आपल्या कार्यालयाचे गणना कर्मचारी सकाळी पहिल्या बंगल्यावर आले. "राहतं का इथं कोणी?" असे विचारण्यात आले. मालकांची सक्त ताकीद असल्याने "हो, राहतात की," असे उत्तर देण्यात आले. कर्मचारी रस्त्याने दुसऱ्या बंगल्याकडे निघाले. अर्जदार कुंपणावरून आधी पोचला, कारण तिथले पडदे राहिले होते. चौथ्या बंगल्यात "तुम्हा शेजाऱ्यांची नाकं अगदी सारखी हो!" असा शेरा मिळाला. सातव्यात त्यांनी पाणी मागितले, देण्यात आले. नंतर ते लाँड्रीवर गेले. तेथे कुलूप होते, कारण अर्जदार सात घरी होता आणि ताई भट्टीपाशी. सबब बंगले 'वसलेले' व खोली 'रिकामी' अशी नोंद झाली.

३. पुढे, रिकाम्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देण्याबाबत वसाहतीची सभा भरली. गणपूर्तीस सात कुटुंबे हवी होती. मालकांनी फोनवर "सही ठोकून टाक रे, आणि खुर्च्या पूस," असे कळवले. अर्जदाराने सातही खुर्च्या पुसून, प्रत्येकीवर बसून सही केली. रिकाम्या खोल्यांबद्दल त्याचे काही म्हणणे नव्हते. त्याची खोली भरलेली होती. ठराव एकमताने मंजूर झाला.

४. ठरावानुसार एक तारखेची मुदत घालून आलेल्या नोटिसा चिकटवण्याचे कामही अर्जदाराकडेच असल्याने, त्याने स्वतःच्या दारावर एक सरळ रेषेत चिकटवली. लाँड्रीवाले काका म्हणतात, "रिकामी खोलीच रिकामी करायचीय बाबा, तुला कसला त्रास?" दुसऱ्या खोलीचे भाडे विचारले असता एजंटने एक आकडा सांगितला. अर्जदाराने तो महिन्याचा समजून मान खाली घातली; तो आठवड्याचा होता. दात काढणारे, शाळेत शिकवणारे, आग विझवणारे असे सगळेच आता संध्याकाळच्या बसने डोंगरापलीकडे राहायला जातात. आग लागणे झाल्यास सकाळची बस आल्यावर लागावी, अशी विनंती अग्निशामक केंद्राच्या दारावर लावलेली आहे. पावाला मात्र असे सांगता येत नाही. तो पहिली बस येण्याच्या आत भाजावा लागतो. डोंगरापलीकडे गेल्यास ताईची नोकरी जाईल.

५. ताईचे म्हणणे, "सात-सात घरं मांडून बसलास, आणि बहिणीला एक खोली राखता येईना तुला!" एवढे बोलून ती डबे बांधू लागली. अर्जदार दोरी धरतो.

६. तरी विनंती की, बंगल्यांतील सातही अर्जदार कमी करून खोलीत एक अर्जदार व एक ताई नोंदवावी. नोंद कमी करण्याची तरतूद नसल्यास, सातांपैकी कोणत्याही एका अर्जदाराकडे ताईस पाहुणी म्हणून राहू द्यावे. ती कोचावर बसणार नाही.

७. खात्रीसाठी साहेबांनी स्वतः पाहणीस यावे. कोणत्याही बंगल्याची बेल वाजवावी, दार उघडले जाईल. लाँड्रीवरील खोलीची मात्र हळू वाजवावी. ताई भट्टीवरून येऊन झोपलेली असते. एक तारखेनंतर कशीही वाजवली तरी चालेल.

आपला नम्र (एकच),
राखणदार,
लाँड्रीवरील खोली
दिनांक : चालू महिन्याची अखेर

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) खोलीचे छायाचित्र. पांघरुणाखाली ताई आहे.
३) पाव, एक नग. दुपारपर्यंत ग्राह्य धरावा.